मोहर रेसिडेन्सीचं पाणी

शिंगणखार हे पेण तालुक्याच्या खारेपाटातलं गाव, धरमतरच्या खाडीला चिकटलेलं. भरतीला बांधावर उभं राहिलं तर तिन्ही बाजूंना पाणीच पाणी, आणि त्यातला एक घोट तोंडात घेता येत नाही. प्यायचं पाणी लांबच्या धरणातून नळाने येतं. त्या नळाच्या वाटेवर हे गाव अगदी शेवटचं. वरच्या गावांचं भागून उरेल ते इथल्या टाकीत पडायचं, आणि टाकीतून गावात सोडायचं काम गुणाजीचं. उन्हाळ्यात मिठागरावर, पावसाळ्यात भातात, आणि बारा महिने टाकीची चावी कनवटीला. या कामाचा त्याला काही मोठा मोबदला नव्हता. पण वाटेने जाताना बायका "गुणाजीदादा, आज हाय ना पाणी?" असं विचारायच्या, आणि तो "हाय, हाय, हंडं घासून ठेवा" म्हणायचा. त्यात त्याला सुख होतं.

त्याची थोरली मुलगी नमिता. पेणला शिकली, पुढे इंजिनीयर झाली आणि रोह्याला हैबतरावांच्या कंपनीत लागली. हैबतराव मूळचे पाइपलाइन टाकणारे कंत्राटदार. व्हॉल्व्ह विजेवर उघडायचे-मिटायचे दिवस आले तशी त्यांनी चार पोरं ठेवून पाणी सोडायचा प्रोग्राम करून घेतला. खारेपाटातल्या गावांची योजना त्यांच्याकडे होती, रोह्याच्या पलीकडे अष्टमीतल्या काही सोसायट्यांचं पाणीही त्यांच्याकडे होतं. प्रोग्राम बहुतेक नमितानेच लिहिलेला. पण प्रोग्राम एकदाच लिहायचा असतो. रोजचं काम असतं ते सेटिंगच्या फाइलींचं. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या गावाचा, तो कधी उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, हे सगळं त्या फाइलींत ओळीओळीने लिहिलेलं. नमिता सकाळी फाइली लिहायचा एडिटर उघडायची तेव्हा डाव्या हाताला या फाइलींची उतरंड दिसायची. त्यातली एखादी उघडून तिने आकडा बदलला, की कुठेतरी दहा-बारा कोसांवर लोखंड फिरायचं आणि कुणाच्या तरी नळाला धार लागायची. शिंगणखारच्या ओळीवर ती रोज नजर टाकायची. गावाचा वाटा तिने वाढवला नाही, पण कुणाला कमीही करू दिला नाही.

या फाइलींत एक फाइल ज्याच्या त्याच्या लॅपटॉपपुरती असे. तिच्यात 'मोड' नावाची एक ओळ. पुढे 'टेस्ट' लिहिलेलं असलं तर प्रोग्राम खोट्या व्हॉल्व्हशी खेळे. 'लाइव्ह' लिहिलेलं असलं तर खऱ्या. नमिताच्या लॅपटॉपवर ती ओळ कायम 'टेस्ट' असायची.

त्या मे महिन्यात एका संध्याकाळी पाणी खात्याच्या वरच्या ऑफिसातले दोन साहेब काम बघायला आले. नमिता गाडीसाठी लवकर निघाली होती, लॅपटॉप ऑफिसातच होता. हर्षद, म्हणजे तिच्या वरचा टीम लीडर, तिच्या जागेवर बसला आणि साहेबांना खरे व्हॉल्व्ह पडद्यावर कसे दिसतात ते त्याने दाखवलं. त्यासाठी त्याने ती ओळ 'लाइव्ह' केली. साहेब खूश होऊन गेले. हर्षद त्यांना पोचवायला खाली गेला, आणि ओळ तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नमिता आली, चहा घेतला आणि रोजच्यासारखी चाचणी लावली. चाचणीतली पहिली पायरी होती सगळे व्हॉल्व्ह बंद करून बघायची. तिने ती ओळ बघितली नाही. रोजची वाट असली की माणूस दगड बघत नाही, तशी. खारेपाटातले सगळे व्हॉल्व्ह एकदम मिटले. भरल्या लाइनीत असे एका झटक्यात मिटल्यामुळे शेवटचा, म्हणजे शिंगणखारचाच, आतून अडकून बसला. बाकीच्या गावांचं पाणी दुपारपर्यंत सुरू झालं. शिंगणखारचं व्हायला तीन दिवस लागले.

आणि त्याच तीन दिवसांत कमळाकरच्या मुलीची हळद होती. कमळाकर गावचा वजनदार माणूस, सगळा खारेपाट जेवायला बोलावलेला. मांडवात पाहुणे, चुलीवर भात, आणि हात धुवायला पाणी नाही. पेणहून टँकर आला तोपर्यंत मुलाकडची माणसं रागावून अर्ध्या जेवणावरून उठली होती. लग्न झालं, पण त्या मुलीला सासरी पहिलं वर्षभर "तुमच्याकडं पाणी नाय म्हणं" हे ऐकावं लागलं.

नमिताला चूक कळली त्याच क्षणी ती ओळही दिसली. ती तडक हैबतरावांच्या केबिनमध्ये गेली. हर्षद तिथेच होता.

"सर, काल माझ्या मशीनवर तुम्ही बसला होतात ना?" तिने विचारलं.

"बसलो होतो. फक्त दाखवत होतो," हर्षद म्हणाला. "फाइलला हात लावला नाही मी."

"मोड लाइव्ह केल्याशिवाय खरे व्हॉल्व्ह दिसतच नाहीत."

"माझ्या मोबाइलवरून दाखवले," तो म्हणाला. हे बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता, हैबतरावांकडे बघत होता.

त्या फाइलीत कुणी काय बदललं याची नोंद कुठेच राहत नसे. हैबतरावांना यातलं काही कळत नव्हतं, त्यांना फक्त कुणाला तरी काढलं असं वर सांगायचं होतं. नमिताला काढलं. एवढ्यावर थांबलं असतं तरी तिने कदाचित गिळलं असतं, कारण ओळ न बघता चाचणी लावली ही तिची चूक ती स्वतःही नाकारत नव्हती. पण कमळाकरने जाब विचारायला ऑफिसात फोन केला तेव्हा तो हर्षदने घेतला, आणि तो म्हणाला, "आमचा दोष नाही हो. तुमच्याच गावच्या मुलीने केलंय. गुणाजीची ना ती?"

संध्याकाळी कमळाकर चार माणसं घेऊन गुणाजीच्या दारात आला. गुणाजी नुकता मिठागरावरून आला होता, पायाला चिखल तसाच.

"चावी दे," कमळाकर म्हणाला.

गुणाजीने कारण विचारलं नाही. कनवटीची चावी सोडली आणि दिली. नमिता दारात उभी होती. कमळाकर तिच्याकडे बघून म्हणाला, "शिकलीस गो, बरं झालं. गावाचं पाणी तोडाय शिकलीस."

ती बोलायला गेली, पण तिच्या आईने, रंभाने, तिचा हात धरला आणि आत नेलं.

पुढचं वर्ष त्या घराला कसं गेलं हे बाहेरच्याला दिसलं नसतं. कुणी वाळीत टाकलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त रंभा टाकीवर गेली की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. चावी कमळाकरच्या पुतण्याकडे, मिथुनकडे गेली. तो पाणी सोडायला विसरायचा, कधी अर्ध्यावर बंद करून क्रिकेट खेळायला जायचा, पण त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. गुणाजी टाकीच्या वाटेने जायचाच बंद झाला. बांधाबांधाने लांबचा वळसा घालून मिठागरावर जायचा. नमिता त्याला घरातून तसं जाताना बघायची. रडत नव्हती. रडू केव्हाच संपलं होतं.

तिला पेणमध्ये दुसरं काम मिळालं. गणपतीच्या कारखान्यांच्या वेबसाइटी करून द्यायच्या, मूर्तींचे फोटो चढवायचे. पगार कमी, पण घरापासून जवळ. लॅपटॉप तिचा स्वतःचाच, हैबतरावांकडेही ती तोच वापरायची. एक दिवस दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता तिने एडिटर उघडला तेव्हा जुन्या कामांच्या नावांत हैबतरावांच्या प्रोजेक्टचं नाव दिसलं. हात गेला म्हणून तिने त्यावर क्लिक केलं. पडदा क्षणभर रिकामा राहिला, आणि मग डाव्या हाताला ती ओळखीची उतरंड उभी राहिली. कंपनीच्या सर्व्हरवरच्या, चालत्या फाइली. तिचं लॉगिन बंद करायचं काम हर्षदचं होतं. त्याने ते केलेलंच नव्हतं.

त्या दिवशी तिने फक्त बघितलं आणि बंद केलं. संध्याकाळी घरी गेली तर रंभा टाकीवरून रिकामा हंडा घेऊन येत होती.

"मिथुन नाय आला पाणी सोडाय," ती म्हणाली. "कुनी फोन बी नाय केला त्याला. तुझ्या बापाला एक दिवस उशीर झाला असता तर..." तिने हंडा ओटीवर उपडा ठेवला.

दुसऱ्या दिवशी नमिताने ते प्रोजेक्ट पुन्हा उघडलं, आणि या वेळी काय शोधायचं ते तिला ठाऊक होतं. हर्षदने अष्टमीत मोहर रेसिडेन्सी नावाच्या इमारतीत फ्लॅट घेतला होता, हे तिला आधीपासून माहीत होतं. इमारतीचं पाणी कंपनीच्याच योजनेवर. इमारतीत सगळे त्याला 'पाणीवाले साहेब' म्हणायचे, आणि ते त्याला आवडायचं.

मुख्य फाइलीत मोहर रेसिडेन्सीची ओळ होती. सकाळी पाणी सुरू, दीड तासाने बंद. नमिताने त्या ओळीला हात लावला नाही. प्रोग्राम लिहिताना तिने एक छोटी फाइल वेगळी ठेवली होती, सणवारी वेळा बदलायच्या झाल्या तर तेवढ्यापुरत्या लिहायला. प्रोग्राम आधी मुख्य फाइल वाचायचा आणि मग ही छोटी, आणि दोन्हींत फरक असला तर छोटीचं ऐकायचा. नवीन पोरांनी चुकून तिला हात लावू नये म्हणून नमितानेच एडिटरच्या सेटिंगमध्ये ती डावीकडच्या यादीत दिसणार नाही असं केलं होतं. हर्षदने ती कधी बघितली नव्हती. ती आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

त्या फाइलीत तिने एक ओळ लिहिली. मोहर रेसिडेन्सी, वीस मिनिटं. फाइल जतन केली, डब्याचं झाकण लावलं आणि गणपतींचे फोटो चढवायला बसली. कित्येक महिन्यांनी तिला त्या दिवशी जेवण गोड लागलं होतं.

पुढच्या बातम्या तिला मनालीकडून कळत गेल्या. मनाली अजून कंपनीत होती आणि तिचा नमितावर जीव होता. फोनवर ती सहज सांगायची.

"अगं, हर्षद सरांच्या बिल्डिंगची गंमत झालीय. पाणी येतं नि लगेच जातं. फाइलीत सगळं बरोबर आहे म्हणतात."

"मग व्हॉल्व्ह खराब असेल," नमिता म्हणाली.

"बदलला गं. नवा टाकला. तरी तेच. बिल्डिंगवाले रोज सकाळी त्यांच्या दारात उभे राहतात. एक म्हातारे दाजी आहेत तिथले, त्यांनी काल जिन्यातच झापलं. म्हणाले, पाण्याचा पगार घेतोस आणि आम्हाला तहानलेलं ठेवतोस."

फोन ठेवल्यावर नमिताने मनालीचं एक वाक्य मनात दोन-तीनदा घोळवलं. दारात उभे राहतात. तिच्या बापाच्या दारात कमळाकर उभा राहिला होता तसेच.

तिने अधूनमधून ती ओळ सैलही केली. दोन दिवस पूर्ण पाणी द्यायची, म्हणजे हर्षदला वाटावं सुटलं कोडं, त्याने इमारतीत तसं सांगावं, आणि मग तिसऱ्या दिवशी पुन्हा वीस मिनिटं. कधी पंधरा. हे करताना तिला स्वतःची लाज वाटली नाही. पूर्वी ती वेगळी मुलगी होती, साधी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती मुलगी कुठे गेली असं तिला एकदा वाटलंही, पण तिने तिला शोधायचा प्रयत्न केला नाही. तिला हवं होतं ते वेगळंच होतं. हर्षद थकून आपल्याकडे यायला हवा होता.

तो आला. उन्हाळा मध्यावर असताना त्याचा फोन आला.

"नमिता, हर्षद बोलतोय. बोलू शकतेस का?"

"बोला."

"एक मदत हवी होती. आमच्या बिल्डिंगच्या शेड्युलमध्ये काहीतरी घोळ आहे. प्रोग्राम तुझाच आहे, तुला लगेच कळेल. हैबतरावांना सांगितलं नाहीये मी. एकदा येऊन बघशील?"

"ऑफिसात नाही येणार," ती म्हणाली. "तुमच्या घरी येते. पाणी कसं येतं ते बघायला हवं."

तिला पाणी बघायचं नव्हतं, त्याचं घर बघायचं होतं.

रविवारी ती गाडीने रोह्याला उतरली आणि कुंडलिका नदीच्या पुलावरून चालत अष्टमीला गेली. मोहर रेसिडेन्सी चार मजली, रंग उडालेली. तिच्या मनातली इमारत बरीच झकपक होती. लिफ्ट बंद होती. जिन्यात एक बाई कडेवर तान्हं मूल आणि दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन घेऊन चढत होती, प्रत्येक मजल्यावर थांबत. नमिताने आपोआप तो कॅन धरला.

"थँक्यू हं," ती बाई म्हणाली. "मी वैशाली, वरच्या मजल्यावर. तुम्ही कुणाकडे?"

"हर्षद सरांकडे."

"पाण्याच्या कंपनीतून आलात का? सांगा त्यांना जरा. बाळाचे कपडे धुवायला पाणी नाही. नवरा शिफ्टला असतो, मी दिवसातून चारदा हा जिना चढते." तिच्या बोलण्यात राग नव्हता. थकवा होता, आणि तो नमिताला ओळखीचा वाटला. टाकीवरून रिकामा हंडा घेऊन येणाऱ्या आईच्या चालीत तो होता.

वैशालीच्या दारापर्यंत कॅन पोचवून नमिता खाली आली आणि हर्षदच्या घराची बेल वाजवली.

हॉलभर बादल्या, पातेली, टब. हर्षदची आई एका खुर्चीवर बसली होती आणि तिने आल्या-आल्या सांगितलं की या पोराला आता इमारतीत कुणी ओ देत नाही. हर्षद बारीक झाला होता. दाढी वाढलेली. त्याने लॅपटॉप पुढे केला, मुख्य फाइल उघडून दाखवली.

"बघ. दीड तास लिहिलंय. चूक कुठेच नाही."

नमिताने फाइल बघितल्यासारखं केलं. मग लॅपटॉप मिटला.

"हे नीट होईल," ती म्हणाली. "पण आधी तुम्ही शिंगणखारला यायचं. टाकीवर, सकाळी, बायका पाणी भरत असतात तेव्हा. आणि सांगायचं की ती ओळ तुम्ही बदलली होती."

हर्षदने आतल्या दाराकडे बघितलं. आई आत गेली होती.

"कुठली ओळ?" त्याने विचारलं.

"मग मी जाते," नमिता उठली.

"थांब." त्याने कपाळ चोळलं. "मी विसरलो होतो गं. खरंच विसरलो. आणि नंतर बोलायची वेळ निघून गेली."

"वेळ केबिनमध्ये होती. कमळाकरकाकांचा फोन आला तेव्हा पण होती."

"गावासमोर बोललो तर माझी नोकरी जाईल."

"माझी गेली की," ती म्हणाली.

"मला विचार करू दे."

"करा. पाण्याची घाई तुम्हाला आहे, मला नाही."

जिना उतरताना तिला वरून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. खाली रिक्षा स्टँडवर बसून लॅपटॉप उघडायचा, एक ओळ खोडायची, मिनिटभराचं काम. तिने पिशवीला हातही लावला. मग तिला बापाचा तो वळसा आठवला, बांधाबांधाचा, आणि तिने हात काढून घेतला. वैशालीला अजून काही दिवस जिना चढावा लागणार, हे तिला नीट ठाऊक होतं. ठाऊक असून ती स्टेशनकडे चालू लागली.

हर्षदने पूर्ण आठवडा घेतला. पुढच्या रविवारी सकाळी तो मोटरसायकलवरून शिंगणखारला आला. टाकीवर नेहमीची गर्दी होती. मिथुन उशिरा आला होता, म्हणून बायका जास्तच होत्या. नमिताने कमळाकरला निरोप धाडला होता की पाण्याच्या कंपनीचा माणूस येणार आहे, तोही आला. रंभा हंडा घेऊन एका बाजूला उभी होती. गुणाजी आला नव्हता. "मना नाय बघायचा कुनाचा तमाशा," एवढंच तो म्हणाला होता आणि मिठागरावर निघून गेला होता.

हर्षद टाकीच्या कट्ट्याजवळ उभा राहिला आणि खाली बघत बोलू लागला. मागच्या वर्षी पाणी बंद झालं ते... तांत्रिक कारण...

"मोठ्यानं बोल बाबा," रंभा म्हणाली. वर्षभरात टाकीवर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "मागच्यांना ऐकू येत नाय."

हर्षदने मान वर केली. "मागच्या वर्षी तुमचं पाणी बंद झालं ती चूक माझी होती," तो म्हणाला. "नमिताच्या मशीनवर मी सेटिंग बदललं आणि परत केलं नाही. तिला माहीत नव्हतं. नंतर मी खोटं बोललो."

"आणि फोनवर?" नमिताने विचारलं.

"फोनवर मी कमळाकरांना सांगितलं की तुमच्या गावच्या मुलीने केलं. ते पण खोटं होतं."

नळाखालचा हंडा भरून वाहत होता, तो बाजूला सरकवायचंही कुणाला सुचलं नाही. कमळाकर पुढे आला. नमिताला वाटलं तो हात उचलतो की काय, पण त्याने हर्षदच्या शर्टाची कॉलर धरली आणि तशीच सोडून दिली.

"माझ्या पोरीच्या हळदीत मानसं उष्ट्या हातानं उठली," तो म्हणाला. "ती अजून माज्याशी बोलत नाय धड. आनि मी गुणाजीची चावी काढली." मग तो तोंड फिरवून निघून गेला.

काशीबाई नावाची एक म्हातारी रंभाच्या जवळ आली, तिने वाहणारा हंडा उचलून बाजूला केला आणि रंभाचा हंडा नळाखाली लावला. बाकीच्या बायका सरकल्या. नमिताने हे सगळं डोळे भरून बघितलं. तिने वर्षभर जे मनात रंगवलं होतं त्यापेक्षा हे कमी होतं. हर्षद रडला नाही, गाव हादरलं नाही. तरी तिला पुरेसं वाटलं.

ती त्याला गाडीपर्यंत सोडायला गेली, बांधावरून.

"आता माझं बघशील?" त्याने विचारलं.

"उद्या सकाळी पूर्ण पाणी येईल."

"बघायच्या आधीच सांगतेस?" तो चालता चालता थांबला. त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जोडली जाताना तिला दिसली. "तुझं लॉगिन मी बंद केलं नव्हतं."

"नाही केलंत."

"म्हणजे इतके दिवस तू..." त्याने इकडेतिकडे बघितलं. "मी पोलिसांत जाऊ शकतो, माहीत आहे ना?"

"जा. लॉगिन चालू कसं राहिलं ते पण सांगावं लागेल. आणि आता गावासमोर जे बोललात ते पण."

तो गाडीवर बसला. किल्ली फिरवायच्या आधी म्हणाला, "त्या बिल्डिंगीत मी एकटा राहत नाही, नमिता. बाकीच्यांनी तुझं काय केलं होतं?"

"शिंगणखारानं तुमचं काय केलं होतं?"

त्याने किल्ली फिरवली. तो गेला, धूळ बराच वेळ बांधावर राहिली. नमिता घरी आली, लॅपटॉप उघडला आणि छोट्या फाइलीतली ती ओळ खोडली.

दुपारी कमळाकर चावी घेऊन आला. गुणाजी ओटीवर बसला होता. कमळाकरने चावी त्याच्यापुढे ठेवली आणि तो तसाच उभा राहिला.

"मिथुनला दे," गुणाजी म्हणाला. "त्याला सांग, सकाळी उठाय शिक. मी येतो चार दिस दाखवाय." आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून तो टाकीच्या वाटेने जायला लागला.

जेवताना नमिताने आईला सगळं सांगितलं. छोटी फाइल, वीस मिनिटं, आणि जिन्यातली वैशालीही. रंभाने ऐकून घेतलं.

"त्या हर्षदबद्दल मना कायी वाटत नाय," ती म्हणाली. "त्या पोरीच्या मुलाला किती महिनं झालंत?"

"विचारलं नाही."

"विचारायचं व्हतं," रंभा म्हणाली आणि ताट उचलून उठली.

कमळाकरने हैबतरावांना फोन केला असावा, कारण महिन्याभरात त्यांनी नमिताला बोलावलं. हर्षदची नोकरी गेली नाही, पण टीम लीडरची जागा गेली, आणि ती जागा नमिताला देऊ केली. तिने ती घेतली. पहिल्या दिवशी तिने स्वतःचं जुनं लॉगिन बंद केलं, छोटी फाइल सगळ्यांना दिसेल अशी केली, आणि कुणाच्याही लॅपटॉपवर मोड 'लाइव्ह' असेल तर पडद्याला जाडजूड लाल कड यावी असं सेटिंग घातलं. कुणी कारण विचारलं नाही.

हर्षद आता तिच्या समोरच्या टेबलावर बसतो. दोघं कामापुरतं बोलतात. तो एकदा चहाच्या वेळी म्हणाला की जुनं सगळं सोडून द्यायला हवं, आणि ती म्हणाली की तिला तशी गरज वाटत नाही. ते तिने रागाने म्हटलं नाही, साधंच म्हटलं, आणि खरं तेच होतं. त्याला माफ करावं असं तिला आजही वाटत नाही.

सोसायट्यांचे व्हॉल्व्ह तपासायला महिन्यातून एकदा जावं लागतं. बाकीच्या सगळ्या ठिकाणी नमिता स्वतः जाते. मोहर रेसिडेन्सीला मात्र ती मनालीला पाठवते. कशी आहेत तिथली माणसं, पाणी पुरतं का सगळ्यांना, हे ती मनालीला परत आल्यावर विचारते, आणि मनाली सांगत असते तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून ऐकते.